पेट्रोल पंपावरील कामगार आणि शिसे: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात पंपावर काम करणाऱ्या मराठी माणसाला कामातून आपल्या शरीरात काय जाते, याची भरवशाची माहिती स्वतःच्या भाषेत क्वचितच मिळते. सूचनाफलक बहुधा कन्नड आणि इंग्रजीत असतात, तपासणीचा अहवाल इंग्रजीत येतो, आणि उरलेले ज्ञान शिफ्ट बदलताना एकमेकांकडून ऐकलेले असते. त्यात खरे किती आणि जुने झालेले किती, हे वेगळे करून सांगावे म्हणून हे प्रश्न एकत्र केले आहेत.

आज आपल्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये शिसे असते का?

नाही. हे आधी स्पष्ट सांगायला हवे, कारण ‘पेट्रोलमध्ये शिसे असते’ हे वाक्य सीमाभागात आजही तितक्याच खात्रीने बोलले जाते. एके काळी ते खरे होते. भारतात एका लिटर पेट्रोलमध्ये 0.56 ग्रॅमपर्यंत शिसे असायचे. 1994 पासून चार महानगरांत आणि 1996 च्या अखेरीपासून देशभर ही मर्यादा 0.15 ग्रॅमवर आणली गेली. महानगरांत शिसेविरहित पेट्रोल एप्रिल 1995 मध्ये मिळू लागले, आणि 1 फेब्रुवारी 2000 पासून संपूर्ण देशात शिसे घातलेल्या पेट्रोलची विक्री थांबली. सध्याच्या भारत स्टेज सहा मानकानुसार लिटरमागे 0.005 ग्रॅम ही कमाल मर्यादा आहे, आणि तीही मुद्दाम घातलेल्या शिशासाठी नसून अंशमात्र राहून जाणाऱ्या शिशासाठी आहे. डिझेलमध्ये तर शिसे कधीच घातले जात नव्हते. म्हणून जो मुलगा 2000 नंतर पंपावर कामाला लागला, त्याच्या शरीरात शिसे सापडलेच तर ते नोझलमधून आलेले नाही. त्याचा उगम दुसरीकडे शोधावा लागेल.

मुळात ते घालायचे कशासाठी?

इंजिन ठोके देऊ नये म्हणून. टेट्राएथिल लेड नावाचे द्रव पेट्रोलमध्ये थोडेसे मिसळले की इंधन वेळेआधी पेट घेत नाही, हे अमेरिकेत 1921 मध्ये लक्षात आले आणि 1923 पासून असे पेट्रोल विकले जाऊ लागले. ते घातक आहे हेही लगेच कळले होते. ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात हे द्रव बनवणारे पाच कामगार भ्रमिष्ट अवस्थेत मरण पावले. तरीही जगातल्या शेवटच्या देशात, म्हणजे अल्जीरियात, मोटारींसाठीच्या शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबायला 2021 साल उजाडले. कामगारांनी जीव देऊन दिलेला इशारा मान्य व्हायला जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली, ही गोष्ट मला या विषयात सर्वाधिक अस्वस्थ करते.

मी 2000 च्या आधी पंपावर काम केले आहे. ते शिसे अजून अंगात असेल का?

काही प्रमाणात असू शकते. कसे, ते नीट समजून घ्या, कारण हा प्रश्न आज पन्नाशी-साठी ओलांडलेल्या बऱ्याच माणसांचा आहे.

शिसे शरीरात गेले की आधी रक्तात फिरते. रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्मे होते. मात्र शरीर शिशाला कॅल्शियमसारखे वागवते आणि त्यातला बराच भाग हाडांत साठवते. प्रौढ माणसाच्या शरीरातील एकूण शिशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक हाडांत असते आणि तिथून ते बाहेर पडायला दशके लागतात. हाड झिजू लागले, माणूस दीर्घकाळ अंथरुणाला खिळला, बाईची पाळी गेली किंवा ती गरोदर राहिली, की हाडातले कॅल्शियम निघते आणि त्याच्यासोबत शिसेही पुन्हा रक्तात येते. पंचवीस वर्षांपूर्वी काम सोडलेल्या माणसाच्या रक्तात आज आकडा कमी दिसला, म्हणून पूर्वी काहीच झाले नव्हते असे त्यावरून म्हणता येत नाही.

त्या काळचे काम कसे चालायचे, हे माझ्या ओळखीच्या एका काकांनी सांगितले आहे. गाडीच्या टाकीतून पेट्रोल काढायचे असले की रबरी नळीचे एक टोक टाकीत सोडायचे, दुसरे तोंडात धरून ओढायचे, आणि घोट तोंडात आला की थुंकून नळी डब्यात वळवायची. ग्रीसने माखलेले हात पेट्रोलनेच धुवायचे. टेट्राएथिल लेड जखम नसलेल्या कातडीतूनही शरीरात शिरते, त्यामुळे हात धुणे आणि ओढणे या दोन्ही सवयी त्या काळी शिसे आत घेण्याचे थेट मार्ग होते. ज्यांनी अशी वर्षे काढली आहेत त्यांनी रक्तदाब, रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारा आकडा) आणि हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासून घ्यावे आणि ‘मी शिशाच्या पेट्रोलच्या काळात पंपावर होतो’ हे वाक्य डॉक्टरांना आपणहून सांगावे. डॉक्टर सहसा आजचे काम विचारतात. तीस वर्षांपूर्वीचे विचारत नाहीत.

पेट्रोल शिसेमुक्त आहे, तर पंपावर आज शिसे येते कोठून?

नोझलच्या आजूबाजूने. जगात वापरल्या जाणाऱ्या शिशाचा सर्वात मोठा वाटा गाड्यांच्या आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत जातो, आणि महामार्गावरचा पंप म्हटला की त्याला लागून बॅटरीवाला, पंक्चरवाला, रेडिएटर झाळणारा असतोच. पंपाच्या स्वतःच्या जनरेटरला आणि इन्व्हर्टरलाही बॅटऱ्या असतात. त्यांच्या टर्मिनलवर पांढरट भुकटी साचते. पंपावरचा पोऱ्या ती स्क्रू ड्रायव्हरने खरवडतो आणि उरलेली फुंकर मारून उडवतो. त्या भुकटीत शिशाचे क्षार असतात आणि फुंकर मारताना चेहरा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो. हेच काम ओल्या फडक्याने, हातमोजे घालून केले तर धूळ उडतच नाही.

जुन्या पितळी रेडिएटरची गळती बंद करताना वापरल्या जाणाऱ्या झाळात शिसे असते. चाकाच्या बॅलन्सिंगसाठी रिमला ठोकतात ती छोटी वजने पुष्कळदा शिशाची असतात. जुन्या लोखंडी खांबांवर, छताच्या सांगाड्यावर गंजरोधक म्हणून जो लाल रंगाचा पहिला हात दिला जायचा, त्यात शिशाचा ऑक्साइड असायचा. हे तेच द्रव्य, ज्याला आपण शेंदूर म्हणतो. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा 90 पीपीएम (दहा लाख भागांत 90 भाग) ठेवण्याचा नियम 2016 मध्ये झाला आणि तो नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. मात्र त्याआधीचे थर अजून भिंतींवर आणि खांबांवर आहेत. रंगकामाआधी ते कोरडे घासले की शिशाची धूळ उडते.

रस्त्याकडेच्या मातीचाही विचार करावा. शिसे कुजत नाही, विरत नाही. पुणे–बेंगळुरू महामार्गालगतच्या जुन्या मातीत 2000 पूर्वीच्या धुराड्यांतून पडलेला अंश शिल्लक राहू शकतो. तरीही पंपावरच्या प्रौढ कामगारासाठी मी मातीपेक्षा बॅटरीला कितीतरी जास्त भ्यायला सांगेन.

आणि या सगळ्यातून शिसे पोटात जाण्याचा सर्वात सोपा मार्ग म्हणजे तळहात. निपाणी हे तंबाखूचे गाव. तळहातावर तंबाखू घ्यायची, अंगठ्याने चुना मळायचा, दोन थापट्या मारायच्या आणि ओठाखाली ठेवायची. त्याआधी त्याच हाताने बॅटरीचे टर्मिनल आवळलेले असेल, तर चुन्याबरोबर काय मळले गेले हे सांगायला नको.

शिशापेक्षा मोठा धोका दुसरा काही आहे का?

आहे, आणि याच प्रश्नासाठी खरे तर सगळे पान लिहावे असे मला वाटते. शिसे गेले, पण पेट्रोलमध्ये बेंझिन राहिले. सध्याच्या मानकानुसार ते आकारमानाने एक टक्क्यापर्यंत असू शकते. बेंझिन सहज उडते, वाफेतून फुप्फुसात जाते, तेथून रक्तात आणि हाडांच्या मगजात पोहोचते. रक्तपेशी जिथे तयार होतात तीच ही जागा. दीर्घकाळ संपर्क राहिला तर रक्तपेशी कमी होणे, हाडांतला मगज निकामी होणे आणि रक्ताचा कर्करोग हे परिणाम होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझिनला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पहिल्या गटात फार पूर्वीच ठेवले होते. 2025 मध्ये तिने मोटारींच्या पेट्रोललाच त्या गटात घातले.

पंपावर ही वाफ सर्वाधिक कधी मिळते, हे काम करणाऱ्याला ठाऊक असते. टँकर खाली करताना, भूमिगत टाकीत डीप मारताना (पट्टी सोडून इंधनाची पातळी मोजताना), झाकण उघडून वाकताना, आणि दुचाकीची टाकी अगदी काठोकाठ भरताना. सकाळी डेन्सिटी पाहण्यासाठी काचेच्या जारमध्ये पेट्रोल घेतले जाते. ग्राहकाने शंका काढली तर फिल्टर पेपरवर थेंब टाकून डाग राहतो का ते दाखवले जाते. ही कामे मिनिटभराची, पण तोंड जवळ नेऊन आणि उघड्या बोटांनी होतात. वाऱ्याची दिशा पाहून पाठीकडून वारा येईल असे उभे राहिले आणि नोझल आपोआप बंद झाल्यावर ‘अजून थोडे’ म्हणून पुन्हा दाबले नाही, तरी मिळणारी वाफ बरीच घटते. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

सीमेवरच्या पंपांवर धोका अधिक असतो का?

पेट्रोल तेच असते. फरक वेळेचा पडतो. दोन राज्यांच्या विक्रीकरांत तफावत असली की महाराष्ट्राकडे जाणाऱ्या गाड्या कोगनोळीचा टोलनाका ओलांडण्याआधीच टाकी भरून घेतात. कर्नाटकात दर कमी असताना निपाणीच्या पट्ट्यातील पंपांवर रांगा लागतात, शिफ्ट लांबते आणि एकाच मुलाला दोन नोझल सांभाळावे लागतात. शरीरात किती वाफ गेली हे हवेतील प्रमाण आणि तिथे घालवलेले तास या दोन्हींवर ठरते. बारा तासांच्या शिफ्टला आठ तासांची गणिते लावता येत नाहीत.

शिशाची विषबाधा ओळखायची कशी?

लक्षणांवरून ओळखणे अवघड आहे, कारण ती कुणालाही होतात अशीच असतात: पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, तोंडाला धातूची चव, डोकेदुखी, थकवा, चिडचिड, विसराळूपणा, सांधे दुखणे. प्रमाण बरेच वाढले तर रक्तक्षय होतो, मनगट लुळे पडते, हिरड्यांच्या काठाला निळसर-काळी रेघ दिसू शकते. कमी प्रमाणातही वर्षानुवर्षे राहिलेले शिसे रक्तदाब वाढवते आणि मूत्रपिंडाला इजा करते. पुरुषांत वीर्याची गुणवत्ता घटते. पोटदुखीसाठी वारंवार ॲसिडिटीच्या गोळ्या घेणाऱ्या आणि बॅटरीचे काम करणाऱ्या माणसाने एकदा रक्तातील शिसे तपासून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

कोणती तपासणी करावी आणि कोठे?

शिशासाठी शिरेतून घेतलेल्या रक्तातील शिशाचे प्रमाण हीच मुख्य तपासणी. लघवीची तपासणी तिची जागा घेत नाही. रक्त धातूविरहित नळीत घ्यावे लागते, आणि ते घेण्याआधी कोपराची खोबण साबणाने नीट धुवावी लागते, नाहीतर कातडीवरची धूळ सुईबरोबर आत जाऊन आकडा खोटाच वाढतो. बेळगाव किंवा कोल्हापुरातील प्रयोगशाळेत नमुना दिला तरी प्रत्यक्ष मोजणी बहुधा मोठ्या शहरात होते, म्हणून अहवालाला काही दिवस लागतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिशाच्या विषबाधेसाठी राष्ट्रीय पातळीवरचे केंद्र सुरू झाले होते. या विषयाला देशात वाचा फोडण्यात त्या शहरातील वैद्यकीय मंडळींचा वाटा मोठा आहे.

बेंझिनसाठी सर्वात स्वस्त आणि कुठेही होणारी तपासणी म्हणजे रक्तपेशींची संपूर्ण मोजणी. वर्षातून एकदा करावी, आणि जुने अहवाल फेकू नयेत. एकाच अहवालातले आकडे ‘नॉर्मल’ दिसले तरी पाच वर्षांत पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट सतत उतरत आल्या असतील, तर ते पाचही कागद शेजारी ठेवल्यावरच दिसते.

सरकारी दवाखान्यात कन्नडमध्ये बोलायचे असेल, तर शिशाला तिथे ‘सीस’ म्हणतात.

किती आकडा आला तर काळजी करावी?

शिशाची पूर्णपणे सुरक्षित अशी पातळी ज्ञात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या मार्गदर्शनानुसार रक्तात एका डेसिलिटरमागे 5 मायक्रोग्रॅम किंवा अधिक शिसे आढळले, तर ते कोठून येते हे शोधून संपर्क तोडावा. 5 ते 10 च्या आसपास आकडा आला म्हणून घाबरून औषधांच्या मागे लागू नये. उगम बंद केला की दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासल्यावर तो उतरलेला दिसला पाहिजे. उतरला नाही, तर उगम अजून सापडलेला नाही असे समजावे. शिसे बाहेर काढणारी औषधे आकडा फार मोठा असेल किंवा लक्षणे गंभीर असतील तेव्हाच, रुग्णालयातील देखरेखीखाली दिली जातात. संपर्क चालू ठेवून ती घेण्यात अर्थ नसतो.

काम संपल्यावर गूळ खाल्ला किंवा दूध प्यायले की विष उतरते, हे खरे आहे का?

नाही. गुळाने घशाला बरे वाटते, पण फुप्फुसातून रक्तात गेलेल्या वाफेवर त्याचा काही परिणाम होत नाही. दुधाबद्दल मात्र अर्धे सत्य आहे. ते उतारा नाही. पण आहारात कॅल्शियम आणि लोह पुरेसे असेल तर आतडी शिसे कमी शोषतात, आणि उपाशीपोटी ते अधिक शोषले जाते. म्हणून पहाटेच्या शिफ्टला नुसता चहा घेऊन निघण्यापेक्षा घरून भाकरी खाऊन निघावे. नाचणी, तीळ, ताक, पालेभाज्या, कडधान्ये हे सगळे आपल्याकडे स्वस्तात मिळते. हे खाणे शिशाला अटकाव करण्यास मदत करते, बेंझिनला नव्हे.

सांधेदुखीवर आयुर्वेदिक भस्माच्या पुड्या घेतो. चालेल का?

आधी त्यात काय आहे ते विचारा. नाग भस्म हे शिशापासूनच केलेले असते, आणि अनामिक पुड्यांतून शिशाची विषबाधा झाल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकांत वारंवार नोंदवल्या गेल्या आहेत. लेबल नसलेली पुडी कुणाकडूनही घेऊ नये. रक्तात शिसे सापडले तर डॉक्टरांना अशा औषधाबद्दल लपवाछपवी न करता सांगावे. नाहीतर सगळा दोष पंपावर टाकला जाईल आणि पुड्या चालूच राहतील.

पंपावर काम करणाऱ्या गरोदर बाईने काय करावे?

गरोदरपण कळताच टँकर खाली करणे, डीप मारणे आणि बॅटरीची कामे पूर्ण थांबवावीत आणि शक्य तर कॅश काउंटरवर किंवा कार्यालयात काम मागून घ्यावे. शिसे आणि बेंझिन दोन्ही आईच्या वारेतून (नाळेतून) गर्भापर्यंत पोहोचतात. शिशामुळे गर्भपात, कमी वजनाचे मूल आणि पुढे मुलाच्या बुद्धीवर परिणाम होऊ शकतो. लहान मुलांची आतडी मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक शिसे शोषतात, म्हणून बॅटरीचे काम करणाऱ्या बापानेही गणवेश पंपावरच बदलावा, हातपाय धुवावेत आणि मगच मूल उचलून घ्यावे. तो गणवेश घरच्या कपड्यांत न मिसळता वेगळा धुवावा.

तोंडाला रुमाल बांधला तर पुरते का?

धुळीला थोडे, वाफेला अजिबात नाही. साधा मास्कही वाफ अडवत नाही.

आजार कामामुळे झाला, तर कायद्याने काही मिळते का?

मिळू शकते. शिसे आणि बेंझिन या दोन्हींमुळे होणारे आजार व्यावसायिक आजारांच्या यादीत 1923 च्या कर्मचारी भरपाई कायद्यातही होते आणि 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेच्या तिसऱ्या परिशिष्टातही आहेत. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत, ठरावीक वेतनमर्यादेच्या आतील कामगाराला ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा योजनेचे) संरक्षण असते. ही योजना केंद्राची असल्याने राहायला कागल किंवा चंदगडला आणि कामाला निपाणी किंवा बेळगावला असलेल्या माणसाचा विमा क्रमांक सीमेच्या दोन्ही बाजूंना तोच राहतो.

अडचण येते ती पुराव्याची. पुष्कळ मुलांचे नाव हजेरीपटावर नसते, पगार रोख मिळतो. म्हणून हजेरीची नोंद, बँकेत जमा झालेल्या पगाराचा उतारा, ओळखपत्र, गणवेशातला तारीख दिसेल असा फोटो, यातले जे मिळेल ते जपून ठेवा. डॉक्टरांच्या कागदावर ‘व्यवसाय’ या रकान्यात ‘खासगी नोकरी’ न लिहिता ‘पेट्रोल पंपावर इंधन भरणारा, इतकी वर्षे’ असे लिहून घ्या. पुढे दावा करायची वेळ आली तर त्या एका ओळीचा मोठा आधार होतो.

मालकाकडे काय मागावे? नोकरी जाईल अशी भीती वाटते.

ही भीती खोटी नाही, म्हणून एकट्याने मागू नये. शिफ्टमधल्या सगळ्यांनी मिळून मागावे. मागणीही महागडी नाही: हात धुवायला साबण आणि वाहते पाणी, नोझलपासून दूर जेवायची जागा, टँकरच्या वेळी पेट्रोलला टिकणारे हातमोजे, बदललेले कपडे ठेवायला कप्पा, वर्षातून एकदा रक्ततपासणी. बॅटरी उघडणे आणि शिसे वितळवणे पंपाच्या आवारात पूर्ण बंद असावे. नव्या मुलाला पहिल्या दिवशी मीटर वाचायला शिकवतात. त्याच दिवशी वाऱ्याकडे पाठ करून उभे राहायलाही शिकवावे.

अंगावर पेट्रोल सांडले किंवा पोटात गेले तर लगेच काय करावे?

भिजलेले कपडे ताबडतोब काढावेत आणि कातडी साबणाने भरपूर पाण्यात धुवावी. कपडे तसेच ठेवून घरी जाऊ नये आणि चुलीजवळ किंवा गॅसजवळ तर मुळीच थांबू नये. डोळ्यांत गेले तर किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार सोडावी. पेट्रोल गिळले गेले असेल तर उलटी काढायचा प्रयत्न करू नये, मीठपाणी पाजू नये, कारण उलटीबरोबर ते फुप्फुसात उतरते आणि तिथे पोटापेक्षा कितीतरी जास्त इजा करते. माणसाला बसते ठेवून, 108 ला फोन करून थेट रुग्णालयात न्यावे, आणि खोकला किंवा धाप नसली तरी डॉक्टर सांगतील तेवढे तास तिथे थांबावे.